वृक्षांच्या माथ्यावरची सृष्टी

जक्कयाची कथा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. यरीहो नगरातील जकातदारांचा हा प्रमुख धनवान होता, पण ठेंगणा होता. गर्दीमुळे प्रभू येशू त्याला दिसेना, म्हणून तो पुढे धावत गेला आणि वाटेवरच्या उंबराच्या झाडावर चढला. प्रभू त्या झाडाखाली आला, त्याने वर पाहिले आणि जक्कयाला नावाने हाक मारून खाली बोलावले (लूक १९ : १-१०). प्रवचनांमध्ये या प्रसंगातील पश्चात्तापावर भर दिला जातो आणि ते उचितच आहे. झाडाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. वास्तविक संत लूकने झाडाचा प्रकार आवर्जून नोंदवला आहे. जाड बुंधा आणि जमिनीपासून फार उंच नसलेल्या, आडव्या पसरलेल्या फांद्या हे त्या झाडाचे वैशिष्ट्य. ठेंगण्या माणसाला चढता येईल असेच ते झाड होते. वनस्पतिशास्त्रात त्याला 'फायकस सायकोमोरस' म्हणतात. आपला उंबर 'फायकस रेसिमोसा' होय. दोन्ही झाडे एकच नव्हेत, तथापि ती एकाच प्रजातीतील जवळची नातलग आहेत. वड, पिंपळ व नांद्रुक हेही त्याच घराण्यातले.

जुन्या करारातील संदेष्टा आमोस आपली ओळख करून देताना आपण मेंढपाळ असून उंबरांची निगा राखणारे आहोत, असे सांगतो (आमोस ७ : १४). त्या प्रदेशात उंबराची फळे नीट पिकावीत म्हणून कच्च्या फळांना सुरीने बारीक छेद देत असत. छेद दिलेले फळ 'इथिलीन' नावाचा वायू सोडते आणि लवकर पिकते, हे त्यामागचे कारण आता विज्ञानाला ठाऊक आहे. अशी शेकडो फळे हाताळायची तर फांद्यांमध्ये चढावेच लागणार. म्हणजे या संदेष्ट्याच्या आयुष्याचा बराच काळ झाडाच्या माथ्यावर गेला असावा. दावीद राजालाही एका युद्धप्रसंगी झाडांच्या शेंड्यांवरून पावलांचा आवाज येईपर्यंत थांबण्याची आज्ञा झाली होती (२ शमुवेल ५ : २४).

झाडाच्या या वरच्या भागाचा परिचय करून देण्याचा येथे प्रयत्न आहे. तो करण्यास एक तातडीचे कारणही आहे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आपल्या चर्चच्या आवारात, शाळांच्या मैदानांवर आणि वाड्यांमध्ये याच भागावर कोयता व करवत चालते. आपण नेमके काय तोडत आहोत याची पुरती कल्पना तोडणाऱ्याला नसते आणि बहुधा तोडायला सांगणाऱ्यालाही नसते.

छत्र म्हणजे काय?

झाडाच्या फांद्या, डहाळ्या, पाने, फुले, फळे आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे सर्व जीव मिळून जो पसारा होतो, त्याला वृक्षछत्र म्हणता येईल. एकट्या झाडाला स्वतःचे छत्र असते. अनेक झाडे एकत्र आली की त्यांच्या छत्रांची मिळून एक सलग छप्परवजा पातळी तयार होते. सदाहरित अरण्यात असे अनेक थर असतात. सर्वांत वर काही मोजकी उत्तुंग झाडे, त्यांच्याखाली सलग छत्र, मग सावलीत वाढणारी लहान झाडे, त्याखाली झुडपे आणि अखेरीस पालापाचोळ्याची भूमी.

वसईकरांना हे समजण्यासाठी अरण्यात जाण्याची गरज नाही. जुन्या पद्धतीची वाडी डोळ्यांसमोर आणावी. वर नारळाच्या झावळ्या, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेली पानवेल, त्याखाली केळी आणि अगदी खाली फुलझाडे व भाजीपाला. कोणत्या झाडाला किती ऊन हवे आणि कोणाला कोणाची सावली मानवते, हे आपल्या पूर्वजांनी अनुभवाने जाणले होते. अरण्याची रचना त्यांनी एका बावखलाच्या पाण्यावर उभी केली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. वाड्यांच्या जागी इमारती आल्या तेव्हा केवळ झाडांची संख्या घटली नाही, तर ही थरांची रचनाच मोडली. इमारतीभोवती ओळीने लावलेली शोभेची झाडे ही उणीव भरून काढू शकत नाहीत.

एकाच झाडावरील पानेसुद्धा एकसारखी नसतात. माथ्यावरची, थेट उन्हात असलेली पाने लहान व जाड असतात, तर आतल्या सावलीतील पाने रुंद व पातळ असतात. थोडक्या प्रकाशात अधिक पृष्ठभाग पसरून ती आपले काम करतात. आंब्याच्या किंवा फणसाच्या झाडाखाली पडलेली पाने गोळा करून मुलांना हा फरक ताडून पाहता येईल. झाडाखाली दुपारी दिसणारे कवडशांचे गोल ठिपकेही पानांच्या फटींच्या आकाराचे नसतात. प्रत्येक ठिपका ही सूर्याची प्रतिमा असते. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात हे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. ज्यांनी त्या सकाळी वर पाहण्याऐवजी झाडाखालच्या जमिनीकडे पाहिले, त्यांना ग्रहण अगदी सुरक्षितपणे दिसले.

उशिरा उघडलेले दार

माणूस समुद्राच्या तळाशी गेला, चंद्रावरही गेला, परंतु झाडाच्या माथ्यावर अभ्यासासाठी पद्धतशीरपणे जाऊ लागला तो १९७० च्या दशकात. तोपर्यंत वनस्पतिशास्त्रज्ञ जमिनीवर पडलेली फुले व फळे पाहून किंवा झाड तोडून वरच्या जगाचा अंदाज बांधत असत. पुढे गिर्यारोहकांचे दोर व खोगीरपट्टे वापरून झाडांवर चढण्याचे तंत्र रूढ झाले, आणि त्यानंतर झुलते पूल, मनोरे व बांधकामाच्या याऱ्यांचाही उपयोग होऊ लागला.

१९८२ साली टेरी अर्विन या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने पनामा देशातील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच जातीच्या १९ झाडांच्या छत्रांत कीटकनाशकाचे धुके सोडून खाली पडलेले कीटक त्याने गोळा केले होते. त्यांत एकट्या भुंगेऱ्यांच्याच सुमारे १,२०० जाती निघाल्या. या आकड्यावरून त्याने पृथ्वीवर कीटकवर्गीय प्राण्यांच्या तीन कोटी जाती असाव्यात, असा अंदाज मांडला. हा अंदाज फार मोठा असल्याचे पुढील संशोधनाने दाखवले आणि आजचे आकडे बरेच खाली आले आहेत. तरीही जीवसृष्टीचा किती मोठा भाग आपल्या डोक्यावर आणि नजरेआड आहे, याची जाणीव शास्त्रज्ञांना प्रथम याच प्रयोगाने झाली.

या क्षेत्रातील एक अग्रगण्य नाव आपल्याला जवळचे वाटेल असे आहे. नलिनी नाडकर्णी या अमेरिकी शास्त्रज्ञ विदुषींचे वडील भारतीय होते. वायव्य अमेरिकेतील पावसाळी अरण्यात मॅपलच्या जुन्या झाडांवर चढल्यानंतर त्यांना फांद्यांवर शेवाळाचे जाड थर आढळले. वर्षानुवर्षे कुजलेल्या शेवाळापासून तेथे चक्क माती तयार झाली होती. त्या मातीत मुळेही होती आणि ती त्या झाडाचीच होती. जमिनीपासून कितीतरी उंचावर, स्वतःच्या फांदीतून मुळे फोडून झाड स्वतःच्याच अंगावरील मातीतून अन्नरस घेत होते. हा शोध १९८१ साली प्रसिद्ध झाला. झाडावरील शेवाळ म्हणजे घाण, ती खरवडून काढावी, असे मानणाऱ्या आपल्याकडील बागकाम करणाऱ्यांनी हे लक्षात घेण्याजोगे आहे. नाडकर्णी यांनी पुढे प्रार्थनास्थळांमध्ये जाऊन धर्मग्रंथांतील वृक्षांविषयी व्याख्यानेही दिली. विज्ञान आणि श्रद्धा यांनी एकाच झाडाखाली बसावे, याला हे एक चांगले उदाहरण ठरावे.

भारतात पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील कळक्काड-मुंडनतुरै व्याघ्र प्रकल्पात छत्राचा अभ्यास झाला असून, २००९ साली या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषद बंगळुरू येथे भरली होती. सर्वसामान्य माणसासाठीही आता सोय झाली आहे. मुंबईत मलबार हिलच्या उतारावर, कमला नेहरू उद्यानाजवळ, झाडांच्या माथ्यांमधून जाणारा सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा लाकडी मार्ग मार्च २०२५ च्या अखेरीस खुला झाला. धर्मशिक्षणाच्या सहलीसाठी ही जागा उत्तम आहे. मुलांना गडबड न करण्याची सूचना मात्र आधीच द्यावी, अन्यथा पक्षी दिसणार नाहीत.

उंबराचे फूल

क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो, कारण उंबराचे फूल कोणी पाहिलेले नसते. खरी गोष्ट अशी की ज्याला आपण उंबर म्हणतो, ते फळ म्हणजे आत वळलेला फुलांचा गुच्छच होय. शेकडो सूक्ष्म फुले त्या गोलाच्या आत, अंधारात फुलतात. त्यांचे परागीभवन करण्यासाठी एक चिमुकली गांधीलमाशी फळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. आत ती परागकण पोचवते, अंडी घालते आणि तेथेच मरते. तिची पुढची पिढी त्याच फळात वाढून बाहेर पडते आणि दुसऱ्या झाडाच्या शोधात निघते. उंबर फोडल्यावर जी केंबरे उडतात, त्यांत या माश्याही असतात. वड, पिंपळ, उंबर यांपैकी प्रत्येकाची गांधीलमाशी साधारणपणे वेगळी असते.

या व्यवस्थेचा परिणाम दूरवर पोचतो. ही माशी फळाबाहेर एखाद-दोन दिवसच जगते. त्यामुळे तिचा वंश टिकायचा असेल, तर परिसरातील त्या जातीच्या कोणत्या ना कोणत्या झाडाला वर्षाच्या प्रत्येक काळात फळ असावे लागते. परिणामी, इतर झाडे रिकामी असतात तेव्हाही वडा-उंबरांवर खाद्य मिळते. हरियाल, कोकीळ, तांबट, धनेश, वटवाघळे, माकडे अशा अनेकांची पंगत तेथे बसते. गावात अशी चारच झाडे असतील आणि त्यांतील दोन तोडली, तर उरलेल्या दोघांकडून वर्षभराची साखळी टिकेलच असे नाही. वडाच्या बदल्यात आम्ही दहा अशोकाची रोपे लावली, हे समाधान म्हणूनच अपुरे ठरते. झाडांची केवळ संख्या मोजून हा हिशेब जुळत नाही.

छत्रातील सर्वच रहिवासी झाडाचे मित्र नसतात, हेही सांगितले पाहिजे. बांडगूळ झाडाच्या फांदीत मूळ रोवून रस शोषते. त्याची चिकट बी फुलटोचा नावाचा इवला पक्षी एका फांदीवरून दुसरीवर पोचवतो. आंब्याच्या बागायतदाराने बांडगूळ काढलेच पाहिजे. चर्चसमोरच्या जुन्या वडावर मात्र एखादे असल्यास त्याच्या फुलांवर शिंजीर येतात, म्हणून तेवढे राहू द्यायला हरकत नाही. याउलट कोकणातील जुन्या आंब्यांवर फुलणारे 'सीतेची वेणी' हे आमर झाडाचे काहीच खात नाही. ते केवळ बसण्यापुरता आधार घेते. या दोघांना एकाच मापाने मोजून दोन्ही ओरबाडून काढणे चुकीचे आहे.

छत्र सलग असणे किती आवश्यक आहे, हे भीमाशंकरच्या अरण्यातील शेकरूकडे पाहून कळते. ही मोठी खार म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी. ती क्वचितच जमिनीवर उतरते आणि सुमारे सहा मीटरपर्यंत झेप घेत एका झाडावरून दुसऱ्यावर जाते. शेजारच्या झाडांच्या डहाळ्या जेथे भिडतात, अशा ठिकाणी ती आपली घरटी बांधते, म्हणजे शत्रू आल्यास पळायला वाट राहते. मधली दोन झाडे गेली की तिला खाली उतरावे लागते आणि तेथे तिचे काही चालत नाही. आपल्या धर्मप्रांताच्या पूर्वेस तुंगारेश्वरचे वन आहे. २००३ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथील छत्र सलग राहणे हे डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्यासाठीही महत्त्वाचे आहे, कारण पावसाचे थेंब प्रथम पानांवर आदळतात, मग फांद्या व बुंध्यावरून सावकाश जमिनीत मुरतात. उघड्या डोंगरावर तेच पाणी मातीसकट धावत खाली येते.

खाली उभे राहून पाहताना

झाडावर चढण्याचा सल्ला येथे मुळीच द्यायचा नाही. ते काम प्रशिक्षित माणसांचे आहे. नलिनी नाडकर्णी यांच्यासारखी अनुभवी व्यक्तीदेखील २०१५ साली झाडावरून पडून गंभीर जखमी झाली होती. जमिनीवरूनही पुष्कळ दिसते. साधा हातआरसा नाकाखाली आडवा धरून त्यात पाहत झाडाखालून हळूहळू चालावे. छत्र पायांखाली पसरल्यासारखे दिसते आणि मानही दुखत नाही. उलटी उघडलेली पांढरी छत्री खालच्या फांदीखाली धरून फांदी हलकेच हलवली, तर कोळी, अळ्या, भुंगेरे छत्रीत पडतात. पाहून झाल्यावर त्यांना परत सोडावे. झाडाखालची जमीनही बोलते. अर्धवट खाल्लेली फळे, विष्ठेतील बिया, पिसे, कोवळ्या पानांचे तुकडे यांवरून वर कोण राहते ते कळते. वटवाघळांनी उष्टावलेली फळे मात्र मुलांनी खाऊ नयेत.

सायंकाळी पर्जन्यवृक्षाखाली उभे राहावे. हे झाड मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतले, पण मुंबईच्या रस्त्यांवर व उद्यानांत ते आता घरचे झाले आहे. अंधार पडू लागला की त्याची पाने मिटतात आणि दाट वाटणाऱ्या छत्रातून आकाश दिसू लागते. ताडाच्या झावळ्यांना लोंबणारी सुगरणीची घरटी, नारळाच्या शेंड्यावरील घारीचे घरटे, जुन्या झाडाच्या ढोलीभोवती घिरट्या घालणारा राखी धनेश, हे सारे रविवारच्या मिस्सेनंतर घरी परतताना दिसू शकते.

धनेशाची गोष्ट थोडी थांबून सांगावीशी वाटते. विणीच्या काळात मादी ढोलीत शिरते आणि आपली विष्ठा लिंपून तिचे तोंड बंद करते. केवळ एक अरुंद फट उरते. त्या फटीतून नर आठवडेच्या आठवडे तिला आणि पिलांना भरवतो. हा काळ साधारण मार्च ते जून, म्हणजे नेमका आपल्या छाटणीचा काळ. कावळ्याची घरटीही याच सुमारास होतात आणि त्यांत कोकिळेची अंडी असतात. ढोल असलेली वाळकी फांदी ही तोडणाऱ्याला सर्वांत आधी दिसते. ती धोकादायक असू शकते हे खरे, पण तोडण्यापूर्वी चार दिवस तिच्याकडे कोण ये-जा करतो ते पाहणे कठीण नाही.

छाटणी करावी ती कशी

धोका खोटा नाही. जून २०२० मधील 'निसर्ग' आणि मे २०२१ मधील 'तौक्ते' या चक्रीवादळांत किनाऱ्यावरील असंख्य झाडे कोसळली. शाळेच्या वाटेवर लोंबणारी वाळकी फांदी, विजेच्या तारेला टेकलेली डहाळी, मुलांच्या डोक्यावरचे पक्व नारळ हे वेळीच काढलेच पाहिजे. आक्षेप आहे तो झाडाचे सरसकट मुंडण करण्याला. माथाच उडवला की झाडाची अन्ननिर्मिती बंद पडते आणि मुळांची उपासमार होते. तुटलेल्या टोकांशी जोमाने फुटणारे धुमारे पाहून आपल्याला झाड सावरले असे वाटते, परंतु हे धुमारे फांदीला वरवर जोडलेले असतात आणि काही वर्षांनी वाऱ्यात तेच मोडून पडतात. मोठ्या उघड्या जखमांतून कुज आत शिरते. तारांसाठी एकच बाजू छाटल्यास झाडाचा तोल दुसरीकडे जातो. सुरक्षिततेसाठी केलेले काम असे धोका वाढवते. त्यात भर म्हणजे बुंध्याभोवतीचे काँक्रीट आणि लाद्या. मुळांना हवा-पाणी न मिळालेले झाड वादळाला कसे तोंड देणार?

फांदी काढायचीच असेल, तर ती जेथून निघते तेथील किंचित फुगीर कड्याच्या बाहेर, स्वच्छ काप घेऊन काढावी. त्या कड्यापासून झाड जखम भरून काढते. अगदी बुंध्याशी तासून किंवा लांब खुंट ठेवून कापू नये. वजनदार फांदीला आधी खालून अर्धवट छेद द्यावा, म्हणजे पडताना ती बुंध्याची साल ओरबाडत नाही.

कायद्याची बाजूही माहीत असावी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये शहरी हद्दीत वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. जागा खाजगी असो वा चर्चच्या मालकीची, त्याने फरक पडत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना 'हेरिटेज वृक्ष' असा विशेष दर्जा दिला. आपल्या जुन्या चर्चच्या आवारांतील व दफनभूमींतील कितीतरी झाडे या वयाच्या पलीकडची आहेत. ती कोणती हे लिहून ठेवलेले मात्र फार थोड्या धर्मग्रामांत आढळेल.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात असिसीकर संत फ्रान्सिस यांची एक आठवण नोंदवली आहे. मठाच्या बागेचा थोडा भाग नेहमी न लावता सोडावा, म्हणजे तेथे रानफुले उगवतील, अशी संतांची सूचना असे. वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या हरित वसई चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासह आपले अनेक धर्मगुरू व सामान्यजन रस्त्यावर उतरले, हा तर आपलाच इतिहास आहे. त्या मानाने आज सुचवायचे काम अगदी लहान आहे. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीचा विषय धर्मग्राम समितीपुढे मे महिन्यात घाईने येतो, तो डिसेंबर-जानेवारीत घ्यावा. तेव्हा बहुतेक घरटी रिकामी असतात, परवानगी मिळवण्यास अवधी राहतो आणि जाणकाराला बोलावता येते. युवकांनी आवारातील प्रत्येक मोठ्या झाडाचे नाव, बुंध्याचा घेर, ढोली व घरटी यांची एक वही करावी आणि ती धर्मगुरूंच्या कार्यालयात ठेवावी. करवत घेऊन माणूस येईल तेव्हा समितीच्या सभासदाने आधी ती वही उघडावी, मग झाडाखाली जाऊन वर पाहावे आणि कोणत्या फांदीला हात लावायचा नाही ते त्याला बोट दाखवून सांगावे.